कोकणच्या खाड्या आणि गाळाचा इतिहास



वसंत व्याख्यानमालेत इतिहासावर बोलावयाचे म्हणजे किल्ले, लढाया, तह आणि राजपुरुष यांच्याविषयी बोलावयाचे, असा एक रिवाज पडून गेला आहे. तो वाईट आहे असे आमचे म्हणणे नाही. परंतु आम्ही ज्यांच्यात वावरतो ती माणसे हमाल, खलाशी, तांडेल, बर्फ फोडणारे गडी आणि मासळीच्या टोपल्या वाहणाऱ्या बाया अशी आहेत. त्यांच्या पोटापाण्यावर ज्याचा अंमल सर्वांत जास्त चालतो, त्याचे नाव इतिहासाच्या पुस्तकांत क्वचितच सापडते. ते नाव म्हणजे गाळ. होडी केव्हा निघावयाची, केव्हा परतावयाची, माल कोठे उतरावयाचा आणि मजुराने किती वेळ हात बांधून बसावयाचे, हे या जिल्ह्यात गाळ ठरवितो. म्हणून आज आम्ही गाळाचा इतिहास सांगण्याचे योजिले आहे.

आम्ही काही पदवीधर नव्हे. आमचे शिक्षण झाले ते वाचनालयाच्या कपाटांतून आणि धक्क्यावरच्या माणसांच्या तोंडून. म्हणून पांडित्याची अपेक्षा न धरता, एका कामगार कार्यकर्त्याने जुळविलेला हिशेब म्हणून हे ऐकावे, एवढी विनंती.

प्रथम एक साधा प्रश्न. आपल्या जिल्ह्यातील जुनी नामांकित बंदरे कोठे होती? आज बंदर म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे उघडा समुद्र आणि त्यात बांधलेला धक्का येतो. जुनी गोष्ट तशी नव्हती. राजापूर समुद्रापासून वीस-पंचवीस किलोमीटर आत, अर्जुना आणि कोदवली या नद्यांच्या काठी आहे. चिपळूण वाशिष्ठीच्या काठाने चाळीस किलोमीटर आत आहे. त्याचे बंदर गोवळकोट. संगमेश्वर शास्त्री नदीच्या खाडीच्या शेवटी, जयगडच्या मुखापासून बरेच आत आहे. दाभोळ तेवढे वाशिष्ठीच्या मुखाशी, पण तेही खाडीच्या आडोशाला.

या निवडीत मोठे शहाणपण होते. जूनपासून सप्टेंबरपर्यंत समुद्र खवळलेला असतो. शिडाच्या गलबताला त्या काळात आडोसा लागे आणि तो खाडीच देत असे. शिवाय व्यापार चाले तो घाटावरच्या मुलुखाशी. राजापुराहून अणुस्कुऱ्याची वाट, चिपळुणाहून कुंभार्लीची वाट. भरतीच्या पाण्यावर गलबत जितके आत जाईल तितकी बैलांच्या पाठीवरची वाटचाल कमी होई. खाडी म्हणजे निसर्गाने फुकट बांधून दिलेला रस्ता होता, आणि त्या रस्त्यावर गलबत ओढावयाला दिवसातून दोन वेळा भरती हजर असे.

या रस्त्याच्या जोरावर केवढा व्यापार झाला हे आपण जाणताच. रशियन प्रवासी अफनासी निकितिन १४७० नंतरच्या दोन-तीन वर्षांत दाभोळास आला, तेव्हा ते मोठे बंदर होते आणि तेथे परदेशी घोडे उतरत. १५०८ च्या डिसेंबरात पोर्तुगीज व्हाइसरॉय आल्मेदा याने ते जाळले. राजापुरास इंग्रजांनी १६४९ मध्ये वखार घातली आणि १६६१ मध्ये शिवाजी महाराजांनी त्या वखारीचा समाचार घेतला. इंग्रज व्यापारी वखार घालावयास जागा शोधतो तेव्हा तो हवा खावयास येत नाही. माल गलबतात कोठे भरता येईल ते पाहून येतो. म्हणजे सतराव्या शतकात राजापुराच्या धक्क्याचा उपयोग होता, याला दुसरा पुरावा शोधण्याचे कारण नाही.

आता १८८० साली प्रसिद्ध झालेले रत्नागिरी जिल्ह्याचे गॅझेटियर उघडावे. राजापुराचा अरबी गलबतांशी असलेला जुना संबंध त्यात नोंदलेला आहे; आणि मोठी गलबते आता जुन्या दगडी धक्क्यापर्यंत येऊ शकत नाहीत, ती काही मैल खालीच थांबतात, हेही नोंदलेले आहे. धक्का दगडी होता, तो जागच्या जागी होता. पाणी मात्र त्याला सोडून गेले होते. संगमेश्वराची कथाही याच जातीची आहे. आज तर या गावांत लहानपणापासून राहिलेल्या मुलाला ‘येथे अरबस्तानची गलबते येत’ असे सांगितले तर तो हसेल.

या ऱ्हासाची जी कारणे इतिहासकार देतात ती खोटी नाहीत. पोर्तुगिजांनी समुद्रावर दहशत बसविली. पुढे इंग्रजांनी मुंबईचे बंदर वाढविले आणि सगळा व्यापार तिकडे ओढला. आगबोटींना खोल पाणी लागे, त्या खाडीत शिरत ना. १८९० च्या सुमारास पुण्याहून मिरजेकडे रेल्वे गेली आणि कऱ्हाडचा जो माल कुंभार्लीने चिपळुणास उतरे, तो घाटावरच गाडीत चढू लागला. ही सर्व कारणे आम्हांस मान्य आहेत. परंतु कारणांच्या या यादीत एक जागा रिकामी राहते. तोफ, आगबोट आणि रेल्वे यांनी व्यापार पळविला. पण खाडीचे पाणी कोणी पळविले? व्यापार गेला तरी खोली राहावयास हवी होती. ती राहिली असती, तर आजही लहान होड्यांना आणि पुराच्या पाण्याला वाट मिळाली असती. ती का राहिली नाही, हे समजण्यासाठी थोडे पदार्थविज्ञान शिकावे लागते. घाबरण्याचे कारण नाही. तुरटीइतकेच ते ओळखीचे आहे.

पाण्यात पडलेला कण किती वेगाने तळाला जातो, याचा नियम स्टोक्स नावाच्या शास्त्रज्ञाने १८५१ साली इंग्लंडात मांडला. तो खरे पाहता लंबकाला हवा किती अडविते याचा विचार करीत होता. पण त्याच गणितातून गाळाचा नियम निघाला. नियम असा की, बारीक कणाचा बुडण्याचा वेग त्याच्या व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात असतो. कण दहापट बारीक झाला की वेग शंभरपट कमी होतो. मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढी बारीक रेती घेतली तर स्थिर पाण्यात ती एक मीटर खाली जावयास सुमारे दोन मिनिटे घेते. तिच्या पाचव्या हिश्शाएवढा कण पाऊण तास घेतो. आणि आपल्या तांबड्या मातीतला चिकणमातीचा कण, जो मिलिमीटरच्या पाचशेव्या भागाएवढा असतो, त्याला तेच एक मीटर उतरावयास सुमारे तीन दिवस लागतात.

येथे एक कोडे उभे राहते. भर पावसात नदी लालभडक होऊन धावत असते. खाडीतून समुद्रात पोचावयाला तिला काही तासच लागतात. मग ज्या कणाला स्थिर पाण्यातही तीन दिवस पाहिजेत, तो वाटेत बसेल कसा? तो तर सरळ समुद्रात जावयास पाहिजे. शिवाय वाहते पाणी काही स्थिर नसते. मँचेस्टरच्या ऑसबर्न रेनॉल्ड्स याने १८८३ मध्ये काचेच्या नळीतून पाणी सोडले आणि त्यात रंगाची एक बारीक धार घातली. वेग कमी असता ती धार दोरीसारखी सरळ राहिली. वेग वाढताच तिच्यात भोवरे उठून सगळा रंग पाण्यात मिसळला. नदीच्या पाण्यात असे लहानमोठे भोवरे सतत चालू असतात आणि ते बुडणाऱ्या कणाला पुन्हा वर उचलतात. या हिशेबाने खाड्या स्वच्छ राहावयास हव्या होत्या. प्रत्यक्षात त्या भरल्या.

या कोड्याचे उत्तर मिठात आहे. पावसाळ्यात नदीचे गढूळ पाणी घरात आले की आपल्या आया-बहिणी त्यात तुरटी फिरवितात, कोणी निवळीचे बी उगाळून घालतात, आणि घटकाभरात गाळ खाली बसतो. चिकणमातीच्या कणांवर विजेचा एकाच जातीचा भार असतो, त्यामुळे ते एकमेकांना दूर ढकलतात आणि सुटे राहतात. तुरटीने तो भार मारला जातो, कण एकमेकांना चिकटतात, त्यांचे पुंजके होतात, आणि पुंजका जड असल्यामुळे लवकर बसतो. समुद्राचे मीठ हेच काम करते. समुद्राच्या पाण्यात हजार भागांत सुमारे पस्तीस भाग मीठ असते. पण कण चिकटावयाला सुरुवात होण्यास हजारी एकापासून पाच भागांपर्यंत मीठ पुरते. म्हणजे नदीचे पाणी समुद्रात पोचण्याच्या पुष्कळ आधी, खाडीत जेथे खारटपणा नुकताच लागू लागतो तेथेच, सारी खाडी एक तुरटी फिरविलेली घागर होते. तीन दिवसांचे बुडणे तास-दोन तासांवर येते. ज्यांना खात्री करून घ्यावयाची असेल त्यांनी येत्या पावसाळ्यात पुराचे पाणी दोन पेल्यांत घ्यावे, एकात चिमूटभर मीठ ढवळावे आणि दोन्ही पेले खिडकीत ठेवावेत. कोणता आधी निवळतो ते पाहावे.

परंतु नुसते बसणे पुरेसे नाही. ओहोटीने बसलेला गाळ पुन्हा बाहेर नेला असता तर प्रश्न मिटला असता. येथे खाडीचा दुसरा स्वभाव आड येतो. गोडे पाणी हलके, खारे पाणी जड. हजार लिटर गोड्या पाण्यापेक्षा तेवढेच समुद्राचे पाणी सुमारे पंचवीस किलोने जड भरते. फरक थोडा दिसतो, पण तेवढ्याने दोन थर पडतात. वर नदीचे पाणी समुद्राकडे जाते आणि तळाने समुद्राचे पाणी पाचरीसारखे आत घुसते. १९५० च्या सुमारास अमेरिकेत जेम्स नदीच्या खाडीत डोनाल्ड प्रिचर्ड याने मोजमापे घेतली. भरती आणि ओहोटी वजा करून उरणारा प्रवाह वर समुद्राकडे आणि तळाशी आत, असा दुहेरी असतो, हे त्याने दाखवून दिले. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने, जी १९६६ मध्ये स्थापन झाली, मांडवी आणि झुआरी या खाड्यांचा अभ्यास केला आहे. पावसाळ्यात थर पडतात आणि उन्हाळ्यात, नदी आटल्यावर, भरती-ओहोटी सगळे पाणी घुसळून एक करते, असे मांडवीचे वर्तन आहे. आपल्या नद्या त्याच सह्याद्रीच्या आणि त्याच पावसाच्या आहेत.

आता दोन्ही गोष्टी एकत्र करा. गढूळ गोडे पाणी वरच्या थराने समुद्राकडे निघते. वाटेत मीठ लागते. गाळाचे पुंजके होऊन ते तळाच्या थरात उतरतात. आणि तळाचा थर तर आत चाललेला असतो! म्हणजे जो गाळ समुद्राकडे निघाला होता, त्याला जिन्याने खाली उतरवून परतीच्या गाडीत बसवावे, तसा हा प्रकार होतो. गोडे आणि खारे जेथे भेटतात त्या टापूत गाळाची गर्दी होते. भरती संपून पाणी क्षणभर थांबते तेव्हा तो बसतो. एकदा बसलेल्या चिखलाला पुन्हा उचलण्यास, त्याला तरंगत ठेवण्यास लागतो त्यापेक्षा जास्त वेग लागतो. उथळ खाड्यांतून तर पुष्कळदा भरती थोड्या वेळात जोराने येते आणि ओहोटी सावकाश जाते. त्यामुळे आत आणणारा हात बाहेर नेणाऱ्या हातापेक्षा बळकट ठरतो. पावसाळ्यातला एखादा जबर पूर हे सगळे खरवडून बाहेर काढतो खरा. पण बाहेर म्हणजे फार दूर नव्हे. आपल्या पश्चिम किनाऱ्याजवळ सुमारे पन्नास-साठ मीटर खोलीपर्यंतचा तळ बहुतांशी चिखलाचा आहे आणि त्यापुढे जुन्या काळची वाळू लागते, असे समुद्रविज्ञानाच्या पाहणीत आढळले आहे. याचा अर्थ एवढाच की, डोंगरावरून निघालेल्या मातीला खोल समुद्र क्वचितच भेटतो. ती आपल्याच दारात राहते.

जगात हे सर्वत्र घडले आहे. तुर्कस्तानातील एफिसस हे प्राचीन बंदर नदीच्या गाळाने समुद्राला पारखे झाले. बेल्जममधील ब्रुज शहराची समुद्राकडची वाट गाळाने बुजली आणि व्यापार अँटवर्पला गेला. आपल्याकडे सोपारा आणि चौल ही नावे घेतली की पुरे. तेव्हा गाळ बसणे हा निसर्गनियम आहे, त्यात माणसाचा काय दोष, असे कोणी म्हणेल. आमचे उत्तर असे की, गाळ कोठे बसावयाचा हे निसर्ग ठरवितो. किती यावयाचा, यात माणसाचा हात असतो.

आपल्या जिल्ह्यात तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि तो जवळजवळ सगळा चार महिन्यांत पडतो. सह्याद्रीपासून समुद्रापर्यंतचे अंतर थोडे, उतार तीव्र. अशा मुलुखात माती जागच्या जागी धरून ठेवणारी एकच वस्तू, ती म्हणजे झाडाची मुळी. मराठ्यांच्या आरमारासाठी विजयदुर्गास आणि इतरत्र जहाजे बांधली गेली, त्याला सागवान लागला. पुढे मुंबई वाढली आणि तिच्या चुलींना येथील जळाऊ लाकूड गलबतांनी जाऊ लागले. कंपनी सरकारच्या पहिल्या काही वर्षांत डन्लॉप नावाच्या कलेक्टराने जाहीरनामा काढून जमीन धारण करणारांना झाडांवरचा हक्क दिला. हेतू लागवड वाढावी असा सांगितला जातो. परिणाम तोडीचा झाला. आजही या जिल्ह्यात सरकारी जंगल अगदी थोडे आहे. बाकीचे रान खासगी मालकीचे आहे, आणि तेथे कुऱ्हाड कोणाच्या इशाऱ्यावर चालते हे खेड्यातल्या कोणालाही विचारावे.

येथे एक मोह आवरला पाहिजे. डोंगरउतारावर नाचणी-वरी पेरणाऱ्या आणि राबासाठी कवळ तोडणाऱ्या कुळाकडे बोट दाखवून मोकळे होण्याचा तो मोह. ते कूळ उतारावर का गेले? खाडीकाठची चांगली भातजमीन खोताच्या हातात होती आणि कुळाच्या वाट्याला वरकस उरले होते. पोटाला दोन मण नाचणी मिळवावयाची तर उतार खणण्याखेरीज त्याला दुसरी वाट नव्हती. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३७ साली मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले, १० जानेवारी १९३८ रोजी शेतकऱ्यांचा मोर्चा मुंबईत निघाला, आणि कायदा व्हावयास १९४९ साल उजाडले. खोतीचा इतिहास आपण जमिनीच्या कागदांत वाचतो. आमच्या मते तो खाडीच्या तळाशीही थराथराने पडलेला आहे.

आता हा इतिहास आजच्या दारात कसा येऊन ठेपतो ते पाहू.

२२ जुलै २०२१ रोजी चिपळुणात पाणी शिरले. बाजारपेठ बुडाली, माणसे दगावली, छोट्या दुकानदारांचे आणि हातावर पोट असणारांचे संसार वाहून गेले. पाऊस विलक्षण होता यात वाद नाही, आणि त्या वेळी भरतीही होती. परंतु नदीच्या पात्रात गाळाची बेटे झाली असल्यामुळे पाण्याला वाट उरली नव्हती, ही गोष्ट चिपळूणकरांनी ओळखली. त्याच वर्षाच्या अखेरीस त्यांनी वाशिष्ठी आणि शिव नदीतला गाळ काढावा म्हणून साखळी उपोषण केले आणि त्यानंतर कामाला गती आली. लक्षात घ्या, गाळाच्या प्रश्नावर एका गावाने उपोषणाला बसावे, ही घटना आमच्या मते एखाद्या तहाइतकीच इतिहासात नोंदण्याजोगी आहे. राजापुरातही जवाहर चौकात पुराचे पाणी येणे हे दरवर्षीचे झाले आहे. ज्या चौकाजवळ एके काळी व्यापार चाले, तेथे आता नदीच बाजाराला येते.

दुसरी गोष्ट कारखान्यांच्या पाण्याची. लोटे-परशुराम येथे रासायनिक कारखान्यांची वसाहत झाली. तिचे सांडपाणी अखेर दाभोळच्या खाडीकडे येते. खाडीत मासे मेल्याच्या तक्रारी तेथील मच्छीमारांनी वारंवार केल्या आहेत. या बाबतीत एका कारखान्याच्या अधिकाऱ्याने आम्हांला हसत हसत सांगितले होते, “अहो, समुद्र केवढा मोठा आहे! दोन थेंब पडले तर मिसळून जातात.” हे वाक्य पुष्कळ ठिकाणी, पुष्कळ तोंडून ऐकावयास मिळते, म्हणून त्याचा विचार शांतपणे केला पाहिजे.

समुद्र मोठा आहे हे खरे. परंतु खाडी म्हणजे समुद्र नव्हे. मिसळणे ही आपोआप होणारी गोष्ट नाही. त्याला घुसळणारा जोर लागतो आणि वेळ लागतो. दोन थर पडले असता वरचे पाणी खाली आणि खालचे वर सहज जात नाही. तळाच्या थरात वरून येणारी हवा कमी पडते. उन्हाळ्यात नदी आटली की खाडीतले पाणी भरतीबरोबर वर आणि ओहोटीबरोबर खाली असे झोके घेत राहते. आज बाहेर गेलेले पुष्कळसे पाणी सहा तासांनी परत येते. आणि विषारी द्रव्यांपैकी अनेक द्रव्ये, विशेषतः जड धातू, पाण्यात सुटी न राहता चिकणमातीच्या कणांना धरून बसतात. म्हणजे त्यांची वाट तीच, जी गाळाची: थोडे पुढे, मग खाली, मग तळाने परत. राजापुराचा धक्का ज्या नियमाने कोरडा पडला, त्याच नियमाने कारखान्याची घाण कालवांच्या आणि कोळंबीच्या ठिकाणी जाऊन बसते. ‘मिसळून जाईल’ म्हणणाऱ्याला आमचा सवाल असा आहे: तीनशे वर्षांत जी साधी माती मिसळून गेली नाही, तिच्या पाठीवर बसलेले तुमचे रसायन कसे मिसळून जाईल?

वाशिष्ठीच्या बाबतीत आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी लागते. १९६२ पासून कोयनेचे पाणी पोफळीच्या वीजघरातून वाशिष्ठीत येऊ लागले. कृष्णा पाणीतंटा लवादाने वर्षाला ६७.५ अब्ज घनफूट पाणी असे पश्चिमेकडे वळविण्यास मुभा दिली. म्हणजे इतर नद्या आटतात तेव्हाही या नदीला गोडे पाणी मिळत राहते. गोडे आणि खारे जेथे भेटतात ती जागा त्यामुळे वर्षभर काजळीच्या किंवा अर्जुनेच्या खाडीप्रमाणे वागेल असे धरून चालता येत नाही. एका नदीचे मोजमाप दुसरीला लावून कागद रंगविणे म्हणून धोक्याचे आहे.

तिसरी गोष्ट आमच्या नित्याच्या व्यवहारातली, आणि ती सांगितल्यावाचून आमच्याने राहवत नाही. मिरकरवाडा बंदरात आणि भाट्ये खाडीच्या मुखाशी गाळ साचल्याची ओरड वर्षानुवर्षे चालू आहे. गाळ साचला की होडीला पुऱ्या भरतीची वाट पाहावी लागते. आपल्याकडचे जुने दर्यावर्दी तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ अदमासे काढतात; चतुर्थीला तीनच्या सुमारास, अष्टमीला सहाच्या सुमारास. खोल बंदराला या गणिताची फारशी गरज नसते. उथळ बंदरात मात्र सगळा दिवस या गणितावर टांगलेला असतो. आणि भांगाच्या दिवसांत, म्हणजे अष्टमीच्या आगेमागे, भरतीच कमी चढते. होडी बाहेर तिष्ठत राहते, बर्फ वितळतो, मासळीचा भाव पडतो. होडीवरचा खलाशी बहुधा वाट्यावर काम करतो. भाव पडला की त्याचा वाटा पडतो. धक्क्यावरच्या टोपलीवालीला टोपलीमागे पैसे मिळतात; ती चार तास बसून राहिली तर त्या बसण्याचे तिला कोणी काही देत नाही. कारखान्यात यंत्र बंद पडले तर त्या वेळेची मजुरी द्यावी की नाही यावर आम्ही मालकांशी भांडलो आहोत. बंदरात गाळ साचल्यामुळे गेलेल्या वेळेची मजुरी कोणाकडे मागावयाची? डोंगर बोडका करणारा निराळा, नफा नेणारा निराळा, आणि चिखलात उभी राहणारी बाई निराळी. गाळाचा खर्च असा सर्वांत गरिबाच्या वेळेतून वसूल होतो, आणि तो कोणत्याही जमाखर्चात दिसत नाही.

मग करावे काय? गाळ उपसावा, हे तर सगळेच म्हणतात, आणि तो उपसलाच पाहिजे. परंतु उपसलेला गाळ काठावर ढीग करून ठेवला तर पहिल्या मोठ्या पावसात तो आपल्या जागी परत येतो. तो दूर नेण्याचा खर्च ठेक्यात धरलाच पाहिजे. खाडीत सांडपाणी सोडण्याची परवानगी देताना नुसते वरच्या पाण्याचे, आणि तेही सोयीच्या दिवशी घेतलेले नमुने चालणार नाहीत. वर आणि तळाला, उधाणात आणि भांगात, पावसाळ्यात आणि वैशाखात, असे वर्षभर मोजले पाहिजे, आणि त्या मोजणीचे आकडे मच्छीमारांच्या सोसायट्यांना मराठीत मिळाले पाहिजेत. आपल्याकडे ज्ञानाची वाण नाही. खडकवासल्याचे जलसंशोधन केंद्र १९१६ पासून काम करीत आहे आणि बंदरांच्या प्रतिकृती बांधून गाळाचा अभ्यास करण्यात त्याची हयात गेली आहे. रत्नागिरीत १९५८ पासून सागरी जीवशास्त्राचे संशोधन केंद्र आहे, मत्स्य महाविद्यालय आहे. उणीव आहे ती या ज्ञानाला धक्क्यापर्यंत आणणाऱ्या वाटेची. आणि शेवटी, डोंगरावर झाड उभे ठेवणाऱ्या शेतकऱ्याला त्याचा मोबदला मिळाला पाहिजे. खाली एक कोटीचा गाळ उपसण्यापेक्षा वर लाखाची झाडे राखणे स्वस्त पडते की नाही, याचा हिशेब एकदा मांडून तरी पाहावा.

आम्ही आमच्या संघटनेच्या लोकांना एक साधे काम सुचविले आहे आणि ते आपल्यालाही सुचवितो. खाडीकाठच्या प्रत्येक गावात एक वही ठेवावी. महिन्यातून दोनदा, अमावास्येला आणि अष्टमीला, ठरलेल्या जागी बांबू टाकून पाण्याची खोली मोजावी. दोरीला बाटली बांधून वरचे आणि तळाचे पाणी काढावे, कोणते किती वेळात निवळते ते लिहावे, चव खारी की मचूळ तेही लिहावे. यंत्र लागत नाही, पदवी लागत नाही. शाळेतली मुले हे काम आनंदाने करतील. दहा वर्षांनी त्या वहीतून खाडीचा जो इतिहास निघेल, तो कोणत्याही बखरीत मिळणार नाही, आणि एखाद्या कचेरीत ‘समुद्र मोठा आहे’ असे कोणी म्हणू लागला तर त्याच्यापुढे ती वही उघडून ठेवता येईल.

राजापुराचा धक्का उथळ होत होता तेव्हा तेथील तांडेलांना ते वर्षानुवर्षे दिसत असलेच पाहिजे. गलबत थोडे अलीकडे थांबवावे लागले, पुढच्या पिढीत आणखी अलीकडे. परंतु त्यांना कोणी विचारले नाही, आणि त्यांनी लिहून ठेवले नाही. सरकारच्या दप्तरात नोंद झाली तोवर गलबते मैलोगणती खाली राहू लागली होती. तेवढे आपल्या पिढीत होऊ नये, एवढेच आमचे मागणे आहे.